दहा राग आणि एक यंत्र

पेटीवर राग वाजवावा कीं वाजवूं नये, हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं पुण्यास बावीस श्रुतींवरील आपलें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लेमंट्स नांवाचे एक संगीतप्रेमी आय. सी. एस. न्यायाधीश त्यांस येऊन मिळाले. अब्दुल करीमखांसाहेबांनीं आपला गळा या खटाटोपाच्या दिमतीस दिला. आणि त्यांतून श्रुतींची पेटी निघाली. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां या पेटीवरून जी चकमक उडाली ती जाणत्यांस ठाऊक आहेच. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस दारच बंद केलें, तें १९७१ पर्यंत बंद राहिलें. आणि या साऱ्या धुमाळींत गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक याच तिरस्कृत खोक्यांतून असें कांहीं काढून दाखवीत कीं, श्रोते श्रुतींचें गणित विसरून माना डोलावीत. एका बाजूस गणित, दुसऱ्या बाजूस गळा आणि मध्यें बिचारी पेटी, असा हा सामना होता.

या नाटकाचा पुढचा अंक विजेच्या वाद्यांचा. तो १९८२ सालीं एका तबकडीच्या रूपानें रंगभूमीवर आला, पण त्या वेळीं प्रेक्षागृह रिकामें होतें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षें काम केलेले मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं एच. एम. व्ही. करितां 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' या लांबलचक नांवाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. साहित्य म्हणजे रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें : मुख्य गायकीसाठीं ज्युपिटर-८, खालच्या सुरांच्या आवर्तनांसाठीं टीबी-३०३ आणि ठेक्यासाठीं टीआर-८०८. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी आणि मधुवंती पहिल्या बाजूस; मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी दुसऱ्या बाजूस. तबकडी खपली नाहीं. वीस वर्षांनीं, म्हणजे २००२ सालीं, ती एका डच संग्राहकास दिल्लीच्या दुकानांत सांपडली. २०१० सालीं तिची नवी आवृत्ति निघाली. आणि मग युरोप-अमेरिकेंत एकच गलका झाला. शिकागोच्या नाचघरांत 'ॲसिड हाउस' नांवाचें जें संगीत १९८७ च्या सुमारास गाजूं लागलें, तें याच ३०३ यंत्रावर उभें होतें. मुंबईच्या एका गृहस्थानें तें पांच वर्षें आधीं करून ठेवलें होतें, असा तो गलका. चरणजित सिंग २०१५ सालीं मुंबईस वारले. निदान हा कौतुकसोहळा त्यांस पाहावयास मिळाला.

आजवर या तबकडीविषयीं जें लिहिलें गेलें, तें बहुतेक या अग्रमानाविषयीं आहे. आम्हांस त्यांत फारसें स्वारस्य नाहीं. पहिला कोण आला, हें घोड्यांच्या शर्यतींत पाहावें. तबकडीच्या नांवांत 'राग' हा शब्द ठळकपणें छापला आहे. तो शब्द तिनें कितपत पाळला, हें पाहण्याचें काम परदेशी समीक्षकांकडून होणार नाहीं. तें आपलें काम आहे, आणि आपण तें केलेलें नाहीं.

या प्रश्नास आमच्याकडे एक घरगुती बाजूहि आहे. रोहें हें आतां केवळ कुंडलिकेच्या कांठचें निवांत गांव राहिलेलें नाहीं. कोंकण रेल्वे येथूनच सुरू होते, धाटावास कारखाने आहेत, आणि ज्या घरांत पूर्वीं भजनासाठीं पेटी असे तेथें आतां मुलांसाठीं विजेचा कीबोर्ड येतो. 'मुलीस गाणें शिकवावयाचें आहे. हें घेतलें तर तिचा कान बिघडेल का?' असें पालक आम्हांस विचारतात. आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों आणि थोडेंबहुत गाणें ऐकतों, एवढाच आमचा अधिकार. पण प्रश्न खोटा नाहीं. मुलांचा कान ज्या सुरांत आठ-दहा वर्षें भिजतो, ते सूर त्यास जन्मभर खरे वाटतात. त्याचें उत्तर द्यावयाचें तर यंत्राच्या पोटांत शिरलें पाहिजे.

कारखान्याचा मोटारीवर चालणारा भोंगा सर्वांनीं ऐकला असेल. तो एका सुरावर उभा राहत नाहीं. खालून निघतो, सरकत सरकत वर चढतो, आणि वीज तोडली कीं तसाच घसरत खालीं येतो. मोटारीस विद्युद्दाब जितका अधिक मिळतो तितकी ती वेगानें फिरते, आणि जितकी वेगानें फिरते तितका सूर चढतो. विद्युद्दाबानें सूर हांकणें म्हणजे हेंच. त्यांत कोठेंहि पायरी नाहीं, कोठेंहि खांच नाहीं; भोंग्यास सा आणि रे यांतील भेद ठाऊक नाहीं. ॲनलॉग सिंथेसायझरच्या आंत मोटार नसते, तिच्या जागीं आंदोलन करणारें एक विद्युन्मंडल असतें. पण स्वभाव तोच.

अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं या स्वभावास एक शिस्त लावली. एक व्होल्ट वाढविला कीं सूर एक सप्तक चढावा, असा नियम त्यांनीं धरला. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. सप्तक चढणें म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होणें. दोन सप्तकें म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. दाब बेरजेनें वाढावा आणि कंपनें गुणाकारानें, असें नातें हवें. आणि तें नातें ट्रान्झिस्टरच्या अंगांत निसर्गतःच आहे. ज्या कंपन्यांनीं हा मार्ग धरला नाहीं, त्यांनीं दाबास आणि कंपनांस सरळ प्रमाणांत बांधलें : यामाहा व कोर्ग यांचीं कित्येक जुनीं यंत्रें अशीं आहेत. तेथें एक व्होल्टावर षड्ज धरला तर वरचा षड्ज दोन व्होल्टांवर, त्यावरचा चारांवर, त्यावरचा आठांवर. वरचीं सप्तकें ऐसपैस आणि मंद्र सप्तक अर्ध्या व्होल्टांत कोंबलेलें. तेथें जरा कोठें गळती झाली कीं खर्ज डळमळला. ज्या संगीतांत खर्जाची साधना हा पाया मानतात, त्यास ही रचना मानवणारी नाहीं. मूग यांच्या नियमांत मात्र तिन्ही सप्तकांस सारखी जागा मिळते. आमच्या गवयांचा गळा साधारण तीन सप्तकांत फिरतो असें धरलें, तर सगळें हिंदुस्थानी गायन तीन व्होल्टांत मावलें. विजेरीच्या दोन सेलांत तेवढा दाब असतो!

आतां हिशेब करूं. एका व्होल्टाचे बारा सारखे भाग केले तर प्रत्येक भाग सुमारें ८३ मिलिव्होल्टांचा. हा पाश्चात्य अर्धस्वर. षड्जापासून चौथ्या भागावर, म्हणजे ३३३ मिलिव्होल्टांवर, पियानोचा गांधार येतो. तंबोऱ्यांतून आपोआप निघणारा गांधार पांचास चार या प्रमाणाचा. त्याची जागा ३२२ मिलिव्होल्ट. फरक अकरा मिलिव्होल्टांचा. बडोद्यास ज्यावरून रण माजलें, त्याची विजेच्या भाषेंत किंमत एवढी आहे. ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पांढरी एक पट्टींत षड्ज आणि हा चढा गांधार एकत्र धरून ठेवले तर सेकंदास दहा वेळां सूर थरथरतो, आणि तो थरथराट कोणाहि शहाण्या कानास खुपतो.

आणि येथेंच आमच्या मतें देवल-क्लेमंट्स यांच्या वादाचा आजवर न पाहिलेला उलगडा आहे. विजेस हे अकरा मिलिव्होल्ट देण्यास कांहींच हरकत नाहीं. बारा सारखे भाग करण्याचा आग्रह विजेचा नाहीं. तो पट्ट्यांचा आहे. मूग यांच्या पट्ट्यांखालीं सारख्या मापाच्या रोधकांची एक माळ असे, आणि जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें ती दाबाचे सारखे तुकडे करी. पायऱ्या सारख्या कां? तर माळ ओवणाऱ्याच्या कानांत पियानो होता म्हणून. त्याच माळेंत बारा असमान रोधक ओवले असते तर श्रुतींची पेटी विनासायास झाली असती. देवलांच्या काळीं पितळी जिभल्या कानशीनें घासून जें करावें लागे, तें येथें दोन-चार आण्यांच्या मालांत झालें असतें. शिवाय एक मोठा लाभ. पेटींत श्रुति लावल्या कीं त्या एका षड्जास बांधलेल्या; काळी दोनचा गवई उठून काळी चारचा बसला कीं सारें मुसळ केरांत. मूग यांच्या रचनेंत मात्र वरून थोडा दाब मिळविला कीं सबंध सप्तक, श्रुतींसकट, जसेंच्या तसें वर सरकतें. कारण गुणोत्तरांची येथें बेरीज झालेली असते. बडोद्याच्या परिषदेस हें यंत्र कोणी दाखविलें असतें, तर निदान अर्धे आक्षेपक गप्प बसले असते.

पुरते गप्प बसले नसते, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. ट्रान्झिस्टरचें तें गुणाकाराचें नातें उष्णतेवर अवलंबून आहे. कांहीं उपाय न योजल्यास, एका अंशानें तापमान बदललें कीं मूळ सुरापासून तीन सप्तकें दूर असलेला सूर जवळजवळ एका अर्धस्वराच्या आठव्या हिश्शानें ढळतो. म्हणजे ज्या गांधारासाठीं भांडावयाचें त्याच्या फरकाइतकाच. उष्णता एका अंशानें वाढली, आणि देवलांचा सारा हिशेब वाहून गेला! यासाठीं उष्णतेबरोबर बदलणारे खास रोधक वापरतात. ज्युपिटर-८ मध्यें तर आंतला एक लहानसा गणकच सूर तपासून जागेवर आणतो. तंबोऱ्याची तार पावसाळ्यांत उतरते आणि गवई कुरकुरत खुंटी पिळतो, त्यांतलाच हा प्रकार. आम्हांस तर यंत्राची ही दुर्बलता पाहून त्याच्याविषयीं थोडी आपुलकीच वाटली.

या सर्व विवेचनाचें तबकडीशीं नातें असें. पेटीवर दोन आरोप आहेत, आणि आपण ते नेहमीं एकांत एक मिसळतों. पहिला, तिचे सूर चुकीच्या जागीं आहेत. दुसरा, ती एका सुरावरून दुसऱ्यावर सरकूं शकत नाहीं, उडी मारते. देवलांनीं पहिल्या आरोपाचें निरसन केलें, दुसऱ्यास हात लावला नाहीं. आमच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली, तिचेंहि कार्य पहिल्याच आरोपापुरतें. चरणजित सिंग यांनीं बरोबर उलटें केलें. त्यांनीं पट्ट्यांच्या पाश्चात्य जागा जशाच्या तशा ठेवल्या, आणि यंत्राची सरकण्याची शक्ति मात्र हातीं घेतली. मींड हाच या तबकडीचा प्राण आहे. हें श्रेय मोठें आहे. शिकागोच्या आधीं पांच वर्षें, यापेक्षां कितीतरी मोठें.

मग दहा राग कितपत उतरले? येथें गणित आणि कान यांची आम्हीं एक गंमत पाहिली. मेघाचे सूर घ्या : सा, रे, म, प आणि कोमल नी. मध्यम-पंचमाच्या संवादांतून हे सारे निघतात, आणि पियानोच्या जागांहून त्यांचें अंतर इतकें थोडें आहे कीं चांगल्या कानासहि तें कळूं नये. पट्ट्या येथें जवळजवळ निरपराध आहेत. आणि मेघमल्हार हाच, आमच्या कानास, या तबकडीवरील सर्वांत उत्तम तुकडा वाटला. बैरागीचेंहि तसेंच, त्याचा कोमल रिषभ सोडला तर बाकीच्यांची तक्रार नाहीं. मालकंसाचे कोमल सूर मध्यमाच्या संवादानें धरले तर तोहि निभावतो. उलट भूपाळी आणि कलावती पाहा. भूपाळीचा सारा डोलारा गांधार-धैवतांवर, आणि नेमके तेच दोन सूर पट्टीवर चढे. यमनांत तर गांधार, तीव्र मध्यम, धैवत आणि निषाद असे चौघेहि चढे. तो राग ऐकतांना प्रसन्न संध्याकाळीं कोणी मोठा दिवा डोळ्यांवर धरावा असें होतें. तोडीविषयीं काय बोलावें? तिचा गांधार आमचे गवई इतका उतरवितात कीं त्यास निराळें नांव द्यावें लागलें. पट्टीवरचा कोमल गांधार त्याची जागा घेऊं शकत नाहीं. तोडीचा आराखडा आहे, तोडी नाहीं.

तरीहि सामान्य श्रोत्यास हे दोष चटकन् जाणवत नाहींत, त्याचें कारण तबकडीच्या नांवांतच आहे. डिस्कोचा ठेका धांवता. सेकंदास दहा वेळां होणारा थरथराट ऐकूं येण्यास सूर तेवढा वेळ उभा तर राहिला पाहिजे. येथें तो पाव सेकंदांत निघून जातो. वेगानें सुरांची चूक झांकली. परंतु त्याच वेगानें एक निराळी हानि केली, आणि ती आम्हांस सुरांच्या चुकीहून गंभीर वाटते. पहांटेचा ललत, सकाळची तोडी, संध्याकाळचा यमन आणि मध्यरात्रीचा मालकंस यांस एकाच घड्याळावर, एकाच पावलानें, जेमतेम पांच-पांच मिनिटें चालावें लागतें. रागाची जी बढत, सूर एकेक करून उलगडण्याची जी सावकाशी, तिला जागाच उरत नाहीं. ८०८ ठेका धरतें, पण गायकासाठीं थांबत नाहीं, तबलजी थांबतो.

मिंडीचेंहि असेंच. ३०३ यंत्रांत एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याची जी सोय आहे, तिला लागणारा वेळ ठरलेला आहे. वादकास तो कमीजास्त करतां येत नाहीं. अर्धस्वर असो कीं सप्तक, सरकणें तेवढ्याच वेळांत आणि एकाच वळणानें : आधीं झपकन्, मग मुक्काम जवळ आला कीं मंद. कोणी मनुष्य आनंदांत, दुःखांत आणि शेजाऱ्याशीं भांडतांना एकाच स्वरांत बोलला तर तो जसा वाटेल, तशी ती मींड वाटते. गवयाची मींड वाटेंत रेंगाळते, एखाद्या श्रुतीस स्पर्श करून जाते, कधीं मुक्कामाच्या अलीकडेच थबकते. ज्युपिटरवर चरणजित सिंग यांनीं सरकण्याचा वापर कसलेल्या हातानें केला आहे, हें ऐकणाऱ्यास पदोपदीं कळतें. पण तेथेंहि दोन पट्ट्यांमधील प्रवास यंत्राच्या मर्जीचा. जन्मभर चित्रपटसंगीतांत मुरलेल्या वादकाची लय आणि यंत्राचें अरसिक घसरणें यांची ही ओढाताण तबकडीभर चालते, आणि खरें सांगावयाचें तर तिच्यांतील गोडी त्या ओढाताणींतच आहे.

येथें एक खंत नोंदवितों. मूग यांचें यंत्र १९६९ सालींच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत आलें होतें. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं तें तेथें उभें केलें, आणि गीता साराभाई प्रभृतींनीं त्यावर प्रयोगहि केले. त्या प्रयोगांचा एक संग्रह २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या यंत्रांत दोन्ही आरोपांचें निरसन एकदम करण्याची शक्ति होती, तें मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर होतें. आणि श्रुतींचें गणित पाठ असलेली मंडळी पुण्यासांगलीस होती. यंत्र तिकडे, गणित इकडे, आणि हात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत. तिघांची गांठ पडली नाहीं.

पालकांच्या प्रश्नास उत्तर देणें राहिलें. आज घरोघरीं येणाऱ्या कीबोर्डांत विद्युद्दाबाऐवजीं आंकडे असतात, पण पायऱ्या त्याच, बारा आणि सारख्या. मुलगी नुसतें त्यावर बोट ठेवून गळा लावणार असेल तर कान बिघडेल, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिला आधीं तंबोऱ्यावर षड्ज-पंचम लावतां यावे, गांधार त्याच्याच झंकारांतून ऐकूं यावा. त्यानंतर कीबोर्ड घरांत असण्यास आमची हरकत नाहीं. पुष्कळ कीबोर्डांत प्रत्येक सूर थोडा चढविण्या-उतरविण्याची सोय असते, ती बहुधा कोणी उघडूनहि पाहत नाहीं. अर्धस्वराचे शंभर भाग धरून पांढरी एकच्या यमनासाठीं गांधार चौदा भाग, तीव्र मध्यम दहा, धैवत सोळा आणि निषाद बारा भाग उतरवावा, आणि मग तंबोऱ्याशेजारीं बसून एकदां ऐकावें. मेघ वाजवावयाचा असेल तर कांहींएक न करतां तसाच वाजवावा.